चारशे ग्रॅम

म्हशा, तुझी बॅग आली तेव्हा घरात सगळे रडत होते आणि मी रेनकोट शोधत होतो.

खरं सांगतोय. प्राचीवहिनींनी चेन उघडली, वरचाच टी-शर्ट काढून तोंडाला लावला आणि तिथेच फरशीवर बसल्या. काकी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होती, स्वतःचे डोळे कोरडे ठेवून. चाळीतली निम्मी माणसं दारात उभी. आणि मी, तुझा जिगरी दोस्त, पुढे झालो. 'वहिनी, राहू द्या, मी काढतो सामान,' म्हणालो आणि बॅगेत कोपरापर्यंत हात घातला. लागला हाताला. अगदी तळाशी, बुटांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला. हिरवा, जाडा, मीच कधीतरी कांजूर स्टेशनबाहेर घेतलेला. आतून अजून दमट होता रे. तुझा घाम, इतके दिवस पिशवीत कोंडलेला. मी तो टॉवेलमध्ये गुंडाळला, 'फोन आलाय' असं पुटपुटत खाली गेलो आणि स्कूटरच्या सीटखाली टाकून सीट दाबून बंद केली.

वर आलो तर काकीने माझ्यासाठी चहा ठेवला होता. 'नितीन, बाबू, तू होतंस म्हणान माझो झील घराक तरी इलो,' म्हणाली. मी चहा प्यायलो. तुझ्या आईच्या हातचा चहा, तसल्या वेळी, आणि मी तो कप रिकामा करून खाली ठेवला.

काल तुझं तेरावं झालं. काल काय झालं ते तुला सांगायचंय, पण त्यासाठी जरा मागून यावं लागेल. तू तसाही मला मध्येच तोडायचास. आता नाही तोडणार.

बाहेरच्यांना ठाऊक आहे ते एवढंच: महेश, कांजूरमार्गचा कबड्डीपटू, लीगमध्ये चार हंगाम गाजवलेला बचावपटू, परदेशात खेळायला गेला आणि एकतिसाव्या वर्षी हृदय बंद पडून वारला. तिकडून आलेल्या कागदावरही तेच आहे. आपल्या कबड्डी मंडळाच्या फळ्यावर कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'नियतीने घाला घातला'. नियती कसली डोंबलाची! मी रोज त्या फळ्यासमोरून जातो आणि खाली मान घालतो. पोरांना वाटतं मी दुःखात आहे.

आठवतं, आपण सतराचे होतो? कुमार गट, सत्तर किलोची मर्यादा. तू काही केल्या बाहत्तरच्या खाली यायचा नाहीस. काकीचं जेवण आणि तुझं पोट, दोघांनीही कधी माघार घेतली नाही. म्हणून तर महेशचा म्हशा झाला. वजन कसं उतरवायचं ते आपल्याला कुणी शिकवलं नाही, मोठ्या पोरांचं बघून मी शिकलो आणि मग मंडळात मीच त्यातला वस्ताद झालो. तीन दिवस मीठ बंद. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. सकाळी अंगात रेनकोट, वरून स्वेटर, आणि सर्व्हिस रोडने धावायचं, डम्पिंग ग्राउंडच्या वासात नाक दाबून. तोंडात चिंच, आणि सुटलेलं पाणी गिळायचं नाही, बाटलीत थुंकायचं. किती घाण वाटायचं ऐकणाऱ्याला! आपल्याला त्यात काही वाटायचं नाही. सगळेच करायचे.

घाटकोपरच्या निवड चाचणीला तू काट्यावरून उतरलास आणि रांगेतच आडवा झालास. डोळे पांढरे. मी तोंडावर पाणी मारलं, दोन कानाखाली दिल्या, तेवढ्यात सर धावत आले. 'काय झालं याला?' माझ्या तोंडातून पटकन निघालं, 'सर, उपास आहे त्याचा. संकष्टी.' त्या दिवशी संकष्टी नव्हती, आणि असती तरी मला ठाऊक नसतं, आमच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. सर म्हणाले, 'देवाचं करा, पण पोटात काहीतरी ढकला रे.' तासाभराने तू मैदानात उभा होतास आणि तीन पकडी केल्यास. पुढची चौदा वर्षं आपण त्या संकष्टीवर हसलो. मंडळात कुणी वजन उतरवायला लागला की तू विचारायचास, 'काय, संकष्टी काय?' तेव्हाच एखाद्याने मला चपलेने मारायला हवं होतं.

आणि हात. मी डाव्या कोपऱ्यात, तू माझा हात धरून शेजारी. चढाईवाला आत आला की बोलायची सोय नसते, म्हणून आपलं ठरलेलं. एक दाब म्हणजे जा, घूस. दोन दाब म्हणजे थांब, अजून नाही. मी दोन दाब दिले की समोर आयता पाय असला तरी तू जागचा हलायचा नाहीस. एकदा मुलुंडला फायनलमध्ये प्रेक्षक बोंबलत होते, 'पकड ना, झोपलास काय!' तू हलला नाहीस. मी दाबला नव्हता ना. इतका विश्वास माणसाने माणसावर ठेवू नये यार.

त्याच मुलुंडला पुढच्या वर्षी माझा गुडघा गेला. तू लीगला गेलास, मी भांडुपला कुरिअरच्या गोदामात लागलो. दिवसभर पार्सलं काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, चिकटपट्टी मारायची. टीव्हीवर तुझा सामना असला की मी आईला म्हणायचो, 'बघ, हा पाय कसा धरलाय, मी शिकवलंय.' आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायचो. तुला हे कधी बोललो नाही. तुझा प्रत्येक सामना मी पाहिलाय आणि प्रत्येक वेळी मला वाटलंय की तिथे मी हवा होतो.

मग यंदा लीगची टाळेबंदी झाली. संघांचे मालक आणि खेळाडू यांचं करारावरून फाटलं, मालकांनी हंगाम गुंडाळला आणि सरावाच्या हॉलला चक्क कुलूप घातलं. तुम्ही सगळे खेळाडू बॅगा घेऊन बंद दारासमोर उभे, तो फोटो तू मला पाठवलास. खाली एकच शब्द लिहिला होतास, 'बाबा'.

मला कळलं. तुझ्या बाबांच्या मिलला टाळं लागलं तेव्हा तू पहिलीत होतास. बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, बंद गेटवर बसायचे, डबा तिथेच खायचे आणि वेळेवर घरी यायचे. तू मला सांगितलं होतंस, 'मला वाटायचं, बाबांची नोकरी गेटची राखण करायची आहे.' ते गेट काही उघडलं नाही. बाबाही फार टिकले नाहीत.

म्हणून आखातातला एजंट आला तेव्हा तू लगेच हो म्हणालास. तिकडे मोठी स्पर्धा भरत होती आणि इकडचे लीगवाले रिकामे बसलेत हे त्यांना बरोब्बर कळलं होतं. हरयाणाचे गेले, पंजाबचे गेले, आपल्या ठाण्याचे दोघं गेले. टपरीवर आपलं वाजलं ते तेव्हाच.

'एकेक करून पळालात तर मालकांचं फावेल,' मी म्हणालो. 'युनियनवाले सांगतायत ना, एकत्र बसा.'

'मालक बसलेत एसीत. मी काय गेटवर डबा खाऊ?'

'तिकडे डॉक्टर आहे काय संघाबरोबर? विमा आहे? विचारलंस काही?'

'नित्या, तू जळतोस.'

चहावाल्याने गॅस बारीक केला. मी ग्लास आपटून निघालो. तीन दिवस तुझा फोन उचलला नाही. ते भांडण अजून तिथेच आहे बघ, टपरीवर. कारण तू बरोबर बोललास आणि मीही बरोबर बोललो, आणि दोघांपैकी कुणीही ते कबूल केलं नाही.

चौथ्या दिवशी तू गोदामाच्या दारात. 'नित्या, लोचा झालाय. तिकडे ऐंशीची मर्यादा आहे.' आपल्या लीगमध्ये पंच्याऐंशी चालतात, आणि तू चार वर्षं खाऊन-पिऊन, व्यायाम करून बरोब्बर तेवढा झाला होतास. मी तुला पार्सलच्या मोठ्या काट्यावर उभा केला. चौऱ्याऐंशी आठशे. सोळा दिवस हातात.

तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. किती वर्षांनी तू माझ्याकडे काहीतरी मागायला आला होतास. लीगमध्ये तुझ्यामागे फिजिओ होते, आहारवाले होते, मालिशवाले होते. आता टाळं लागलं होतं आणि तुझ्यापाशी परत मीच उरलो होतो. तेव्हा दोन दाब द्यायचे होते रे. 'म्हशा, नको जाऊस, शरीर एकतीसचं आहे, सतराचं नाही,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, 'ऐंशी? झकास. हातचा मळ आहे.' आणि पार्सलच्या लेबलामागे दिवसवार सगळं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवायला आलास. आईने भाकरी आणि ठेचा केला होता. मीठ बंद म्हणून तू ठेचा पाण्याखाली धरून धुतलास! आई बघतच राहिली. 'अरे, ठेचा काय धुवायची वस्तू आहे?' आपण हसून लोळलो. आईने परवा तीच वाटी काढली आणि काही न बोलता परत फडताळात ठेवली.

निघायच्या दिवशी वहिनींनी बॅगेत रेनकोट पाहिला. 'वाळवंटात रेनकोट? डोकं फिरलंय का तुमचं?' तू मला डोळा मारलास. 'नित्याची आठवण म्हणून नेतोय.' ओवी तुझ्या मांडीवर बसून त्याची टोपी घालत होती. पोर चार वर्षांची, तिला वाटलं पाऊस येणार आहे.

मग तुझे फोन. पहिल्या आठवड्यात नुसती मजा. खोली कशी, मैदान कसं, हरयाणाचे पोरगे तूप कसं लपवून खातात. मग हळूहळू दुसरंच काहीतरी. 'बाहेर पाय ठेवला की भट्टी आहे रे.' मी म्हणालो, मस्त, घाम लवकर येईल. 'पायात गोळे येतायत.' मीठ बंद आहे ना, येणारच. 'लघवी काळ्या चहासारखी होतेय.' पाणी कमी पितोस म्हणून, होतं तसं. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार. गोदामात साहेबाने पत्त्याचा घोळ विचारला तर मी चार वेळा तपासून सांगतो, आणि तुझी लघवी काळी झाली तर मी जेवता जेवता सांगितलं.

एकदा तू विचारलंस, 'तिकडे घाटकोपरला मी किती वेळ पडलो होतो रे?'

'दोन मिनिटं. का?'

'असंच.'

हे 'असंच' आता माझ्या कानातून जात नाही. तू घाबरला होतास ना? सांगितलं का नाहीस? सांगितलंस म्हणा. तुझ्या पद्धतीने सांगितलंस. मला ऐकायचं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी गोदामात डबा उघडला होता. तुझा मेसेज: 'ऐंशी चारशे. तासाभरात वजन. डोकं गरगरतंय. काय करू?' मी तोंडातला घास गिळला आणि बोलून मेसेज पाठवला. हसत. समोरच्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे त्यांनाही कळावं की लीगचा खेळाडू मला विचारून चालतो. काय बोललो ते पुढे येईलच. तासापेक्षा कमी वेळात तुझा उलट मेसेज आला, तोही आवाजातला, एकोणीस सेकंदांचा. तेवढ्यात साहेबाने हाक मारली, गाडी लागली होती. मी फोन खिशात टाकला. म्हटलं, नंतर ऐकतो.

चार वाजता ठाण्याच्या सुहासचा तिकडून फोन. तू काट्यावरून उतरून खोलीकडे चालला होतास आणि वाटेतच कोसळलास. मी त्याला म्हणालो, 'पाणी मारा तोंडावर, उठेल. त्याला सवय आहे.'

तू उठला नाहीस. तो एकोणीस सेकंदांचा मेसेज मी त्यानंतर ऐकला नाही. रोज उघडून बघायचो, तसाच पडलेला.

तुला घरी यायला आठ दिवस लागले. कागद, शिक्के, एजंटचा फोन बंद. शेवटी विमानतळाच्या कार्गोत तुला घ्यायला मीच गेलो, कारण काकी म्हणाली, नितीनला पाठवा. तिथल्या माणसाने कागद पुढे सरकवला, सही करा म्हणाला. रोजचाच कागद, म्हशा. मी अशा कागदांवर दिवसभर शिक्के मारतो. त्यावर एक रकाना असतो, एकूण वजन. तुझ्या रकान्यात लिहिलं होतं, एकशे सव्वीस किलो, पेटीसकट. मी डोक्यात लाकूड वजा करायला लागलो. सवयीने. किती उतरलास ते बघायला. तो माणूस दोनदा म्हणाला, 'साहेब, सही.'

दहाव्याला वहिनींनी तुझा फोन माझ्या हातात दिला. 'भावोजी, उघडत नाही हो. लग्नाची तारीख टाकली, ओवीचा वाढदिवस टाकला. तुम्हाला माहीत असेल. मला फक्त त्यांचा आवाज ऐकायचाय.' मग अगदी सहज म्हणाल्या, 'आणि तो हिरवा रेनकोट दिसला नाही बॅगेत. तिकडेच राहिला का?'

'राहिला असेल,' मी म्हणालो.

आकडा मला माहीत होता. सात-तीन-सात-तीन. तुझ्या पाठीवर सात, माझ्या पाठीवर तीन, मंडळाच्या जर्सीवर. लीगमध्ये तुझा नंबर वेगळा होता, आणि कुलपाला मात्र तू हा ठेवला होतास. बायकोला सापडला नाही तो आकडा मला पहिल्या फटक्यात सापडला, आणि मला रडू नाही आलं, भीती वाटली. गोदामाच्या मागे, डब्याच्या सुट्टीत, मी तुझ्या फोनवर माझा मेसेज अंगठ्याने दाबून धरला. वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं. एक बोट लावायची देर. कुणाला कधी कळलं नसतं. रेनकोट माझ्याकडे, मेसेज गेलेला, कागदावर हृदय. काकी मला मरेपर्यंत चहा पाजत राहिली असती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाळ्या. आपल्या मंडळाचा चढाईवाला, सव्वीसचा गडी, तुला दादा म्हणायचा. 'नितीनदा, तुला सांगायचं राहिलं. एजंटचा फोन आलेला. दादाच्या जागी मला बोलावतायत.'

तो बोलतच राहिला.

'घरी नाही म्हणतायत, पण इथे बसून काय करू? लीगचं टाळं काही निघत नाय. त्र्याऐंशी भरलंय माझं. दादाला लिहून दिलेलंस ना, तसं मला पण दे ना लिहून. आणि तुझा तो रेनकोट असला तर बघ. दादाचाच घालून उतरवलं तर त्याचा आशीर्वाद पण मिळेल.'

कचऱ्याच्या डब्याचं चित्र माझ्या अंगठ्याखाली तसंच. मी ते दाबलं नाही. देवमाणूस आहे म्हणून नव्हे, हे तुला ठाऊक आहे. मला बाळ्या दिसला, त्याच रेनकोटात, त्याच भट्टीत. मी तुझा फोन बंद केला आणि बाळ्याला सांगितलं, 'तेराव्याला ये. तिथे देतो.'

काल आला. घर भरलेलं. काकीने तुझं पान वाढलं होतं, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, आणि शेजारी पाण्याचा पेला. मी खाली जाऊन स्कूटरची सीट उघडली. वर आलो तेव्हा रेनकोट माझ्या हातात होता, तसाच, आंबूस वासाचा. दारातच बाळ्याने हात पुढे केला. 'आणलास काय?'

वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. 'हा कुठे होता?'

'माझ्याकडे. त्या दिवशी बॅगेतून काढून मी लपवला.' मी तुझा फोन खिशातून काढला. 'वहिनी, फोन उघडलाय. आवाज ऐकवतो. पण त्याच्या आधी माझा ऐकावा लागेल.' आणि तुझ्या पानासमोर बसून मी तुझा मेसेज मोठ्याने वाचला, डोकं गरगरतंय हेसुद्धा, आणि मग माझा लावला.

माझा आवाज किती खुशीत होता रे! 'अरे चारशे म्हणजे काय, थुंकलास तरी जातील! चढव रेनकोट आणि अर्धा तास धाव. पाण्याला हात लावायचा नाय, पाणी वजन झाल्यावर. आणि नाटकं नकोत, संकष्टी समज.' मागे गोदामातली पोरं हसतायत, डब्यांचा आवाज येतोय.

मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं झालंच नसतं. तुझा लावला. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. आधी नुसती रेनकोटची खसखस आणि तुझा दम. इतका तुटलेला दम मी मैदानात कधी ऐकला नव्हता. मग तू. 'नित्या... टेकलं रे... ऐंशीला टेकलं... तू बोललास तसंच केलं... थांब, पाणी... आधी पाणी घेतो... मग बोलतो.'

संपलं.

वहिनींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून तुझाच तेवढा परत लावला, मग परत. ओवी म्हणाली, 'बाबा धावतोय.' बाळ्याचा हात अजून पुढेच होता, तो त्याने हळूच मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

मी वाट बघत होतो की काकी मला मारेल. चपलेने, लाटण्याने, कशानेही. मारायला पाहिजे होतं तिने. ती उठली. तांब्या घेतला आणि तुझ्या पानाशेजारच्या पेल्यात ओतायला लागली. पेला आधीच भरलेला होता. पाणी पाटावर आलं, फरशीवर आलं, माझ्या पायापर्यंत आलं, तरी ती ओतत होती. तांब्या रिकामा झाल्यावर माझ्याकडे वळली.

'मगे? पाणी दिल्यानी काय रे कोणी तेका?'

मी म्हणालो, 'काकी, मला माहीत नाही.'

तिने परत तेच विचारलं.